महानगर ही संज्ञा आणि मुंबईचे मुंबईपण

१

शहरे एकमेकांसारखी होत चालली आहेत, हे विधान १९९१ नंतरच्या तीन दशकांत मराठी वैचारिक लेखनात इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्याला आता सिद्धान्तापेक्षा उद्गाराचे रूप आले आहे. काचेच्या भिंतींचे मनोरे, मॉल, उड्डाणपूल आणि विमानतळ यांची यादी द्यावी आणि हळहळ व्यक्त करावी, असा या विवेचनाचा साचा ठरून गेला आहे. मार्क ओजे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ साली अशा जागांसाठी 'अ-स्थळ' या अर्थाची संज्ञा वापरली. माणूस जेथून केवळ जातो, जेथे त्याचे कोणाशी नाते जडत नाही आणि जेथे इतिहासाची खूण उमटत नाही, अशा जागा त्याला अभिप्रेत होत्या. या हळहळीवरचा उताराही ठरलेला असतो. शहराचे वेगळेपण त्याच्या जुन्या वास्तूंत, त्याच्या वारशात असते आणि तो जपला म्हणजे शहर जपले जाते, असे सांगितले जाते.

या दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे. शहराचे वेगळेपण ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे, ती एक तर नष्ट होते किंवा जतन करता येते, हे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात हे गृहीत मुंबईच्या संदर्भात तपासून पाहावयाचे आहे. एखाद्या शहराचे त्या शहराचे असे पण हे तेथील श्रम, वेळ आणि बोली यांच्या परस्परसंबंधांतून घडत असते, असे माझे प्रतिपादन आहे. मराठी साहित्याने मुंबईच्या बाबतीत हे संबंध फार बारकाईने टिपले. मराठी समीक्षेने मात्र ते 'महानगरीय जाणीव' या संज्ञेखाली पुसट करून टाकले. जागतिकीकरणाने शहरांचे एकजिनसीकरण केले अशी तक्रार करण्यापूर्वी आपण समीक्षकांनी आणि अध्यापकांनी केलेल्या एकजिनसीकरणाचा हिशेब द्यावयास हवा.

२

पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक अनुभव मला वर्षानुवर्षे येत आला आहे. मर्ढेकर, नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ यांच्यापैकी कोणाच्याही कवितेतील महानगरीय जाणिवेवर प्रश्न विचारला, तरी उत्तराचा पहिला परिच्छेद एकच असतो. यंत्रयुग, गर्दी, एकाकीपण, तुटलेपण, मानवी मूल्यांचा ऱ्हास. कवीचे नाव बदलले की परिच्छेद पुन्हा वापरता येतो. विद्यार्थ्याला यासाठी दोष देता येत नाही. हा परिच्छेद त्याला आम्हीच दिलेला असतो आणि आम्हांला तो आमच्या आधीच्या समीक्षेने दिलेला असतो.

या परिच्छेदाचे मूळ शोधू गेल्यास आपण मुंबईपासून फार दूर जातो. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ साली महानगर आणि मानसिक जीवन यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. संवेदनांचा सततचा मारा, पैशाच्या व्यवहाराने माणसामाणसांतील नात्याला आलेले हिशेबी रूप आणि या साऱ्यापासून स्वतःला वाचविण्यासाठी माणसाने धारण केलेली अलिप्तता हे त्याचे विवेचन विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बर्लिनसारख्या शहराकडे पाहून केलेले आहे. युरोपीय आधुनिकतावादी कवितेने या अनुभवाला रूप दिले आणि मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली प्रसिद्ध झाल्या तेव्हा ती संवेदनशीलता मराठीतही आली. मर्ढेकरांच्या कवितेपुरती ही संज्ञा अर्थपूर्ण आहे, याबद्दल वाद नाही. पण एका कवीच्या एका वळणासाठी योग्य असलेले परिमाण आपण मुंबईविषयीच्या अवघ्या लेखनाला लावले. परिणामी मुंबई ही 'एक महानगर' झाली, म्हणजे जिच्या जागी दुसरे कोणतेही महानगर ठेवता येईल अशी एक जागा झाली. अ-स्थळाची निर्मिती मॉलच्या आधी समीक्षेत झाली होती, असे म्हणावेसे वाटते ते यामुळे.

मराठीची मुंबईकडे पाहण्याची दृष्टी मुळात अशी नव्हती. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्यात शहर येते ते तेथील जातीजमाती, धंदे, बाजार आणि रीतिरिवाज यांच्या तपशिलांतून. मुंबईवर लावणी रचणारे पठ्ठे बापूराव आणि त्याच नगरीतील विषमता आपल्या लावणीत मांडणारे अण्णाभाऊ साठे यांच्यासमोरही सर्वसामान्य 'महानगर' नव्हते, हीच एक नगरी होती.

३

जागतिकीकरणाला वेगळेपण नको असते, हे गृहीतही तपासून घेण्याजोगे आहे. डेव्हिड हार्वी या भूगोलवेत्त्याने याच्या नेमके उलट प्रतिपादन केले आहे. जे अन्यत्र मिळत नाही त्यावर मक्तेदारीचे भाडे आकारता येते. त्यामुळे भांडवलाला स्थानिक वैशिष्ट्य पुसून टाकण्यापेक्षा ते ताब्यात घेऊन विकण्यात अधिक रस असतो, असा त्याच्या विवेचनाचा इत्यर्थ. या दृष्टीने पाहिले म्हणजे मुंबईतील दोन घटना एकाच प्रक्रियेच्या बाजू ठरतात.

पहिली घटना वारशाची. छत्रपती शिवाजी टर्मिनसची वास्तू २००४ साली आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. दुसरी घटना गिरण्यांच्या जमिनींची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनींच्या पुनर्विकासाची वाट मोकळी केली. मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक यांच्यात जमिनीची साधारण समान वाटणी व्हावी, अशी त्यामागील कल्पना होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. गिरणीचे नाव त्याने टाकले नाही. भोंगा गेला, पाळी गेली, कामगार गेला आणि नाव मात्र राहिले. नाव विकता येते, भोंगा विकता येत नाही.

तेव्हा प्रश्न वेगळेपण राहील की जाईल, एवढाच नाही. कोणते वेगळेपण राहते, ते कोणाच्या श्रमातून घडले होते आणि त्याचे भाडे आता कोण घेतो, हा खरा प्रश्न आहे. जागतिक वारशाच्या यादीत फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह आहेत, गिरणगाव नाही. ही केवळ स्थापत्यविषयक निवड मानणे भोळेपणाचे होईल.

४

गिरणगावाने मुंबईला जे दिले, त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या शतकभरात पन्नासाहून अधिक गिरण्यांभोवती जे जग वसले, त्यात वेळ ही खाजगी गोष्ट नव्हती. भोंग्याने ती साऱ्या वस्तीसाठी ठरवून दिलेली होती. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहत असे. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर पाठ टेकीत. ही खोली पुष्कळदा गावकीची असे, म्हणजे गाव मुंबईत येऊन राहिलेले असे. जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे असे. या बायांच्या श्रमाची दखल घेऊन १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळासारखी संस्था उभी राहिली. दर महिन्याची मनीऑर्डर, गौरीगणपतीची रजा आणि बदली कामगाराची अनिश्चितता या धाग्यांनी शहर आणि गाव एकमेकांना बांधलेले होते. झिमेलच्या महानगरात माणूस गर्दीत एकटा असतो. गिरणगावातल्या माणसाला हवे असले तरी एकटे होता येत नव्हते. त्याचे दुःख निराळे होते आणि त्याचा आधारही निराळा होता.

नारायण सुर्वे यांची कविता या जगातून आली. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील 'मी' हा तुटलेल्या माणसाचा उच्चार आहे, असे म्हणणे कवितेच्या रचनेशीच विसंगत ठरते. ही कविता सतत कोणाला तरी संबोधीत असते किंवा कोणाचे तरी बोलणे ऐकत असते. शाळेत मुलाचे नाव घालायला आलेली वेश्या मास्तरांशी जे बोलते, तेच एका कवितेचे सर्वस्व होते. दुसऱ्या एका प्रसिद्ध कवितेत संपाच्या दिवसांत मार्क्स भेटतो, पण त्याची ओळख करून देते ती वस्तीतली एक अक्का आणि तीही त्याला 'बाबा' हे नाते लावून. जागतिक विचार एखाद्या शहरात कसा येतो, याचे याहून नेमके चित्र मला तरी आढळलेले नाही. जर्मन तत्त्वज्ञ गिरणगावात येतो तेव्हा तो गिरणगावाच्या नात्यांच्या व्यवस्थेत बसवला जातो. बाहेरचे आपलेसे करण्याची ही रीतच त्या शहराची ओळख असते. बाहेरचे काही न येणे, हे वेगळेपणाचे लक्षण मुंबईला तरी कधीच लागू नव्हते.

बोलीच्या बाबतीत हेच अधिक तीव्रतेने जाणवते. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) अश्लीलतेचा वाद ओढवून घेतला. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची भाषा त्या कादंबरीने कोणतीही सफाई न करता निवेदनाची भाषा केली, ही तिची वाङ्मयीन कामगिरी त्या वादात झाकली गेली. ढसाळांच्या 'गोलपिठा'ची (१९७२) प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तेंडुलकर मुंबईचेच, मराठीचे समर्थ लेखक. तरीही या कवितेतील शब्दांचे अर्थ त्यांना कवीला विचारावे लागले. ही घटना आपण सहसा दलित साहित्याच्या वेगळ्या अनुभवविश्वाचा पुरावा म्हणून सांगतो. ती शहराविषयीही काही सांगते. एकाच शहरात, एकाच भाषेत, लोकलने तासाभराच्या अंतरावर, अर्थ विचारल्याशिवाय कळणार नाही अशी भाषा नांदत होती. कामाठीपुऱ्याची ही मराठी हिंदी, उर्दू आणि धंद्यातले खास शब्द पोटात घेऊन घडली होती. बर्लिनविषयीच्या निबंधातून ती समजणार नाही आणि पुण्यातल्या कोशातूनही ती पुरती समजणार नाही. जे दुसऱ्या शहरात तसेच्या तसे उचलून नेता येत नाही ते त्या शहराचे, अशी कसोटी लावली, तर 'गोलपिठा' हा मुंबईच्या मुंबईपणाचा सर्वांत बळकट दस्तऐवज ठरेल.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला जावा. गिरणगावाचे असे चित्र रंगवणे हे स्मरणरंजन नव्हे काय? चाळीतील जिव्हाळा, खानावळीतील माया आणि भोंग्याची लय यांचे गोडवे गाताना त्या जगातील अन्याय आपण दृष्टिआड करीत नाही ना?

हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. गिरण्यांतील विणकामाचे साचेखाते अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना बंद होते. धोट्यातील कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळ, असे त्याचे समर्थन केले जाई. हे अधिक पगाराचे खाते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला. म्हणजे ज्या यंत्राने माणसाची जात विचारू नये अशी आधुनिकतेची अपेक्षा होती, त्या यंत्राच्या एका भागातच जात येऊन बसली होती. गावकीची खोली हा आधार होता, तसाच तो पहाराही होता. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (संग्रह १९६३) मुंबईची कथा म्हणून मी येथे आणत नाही. नोकरीनिमित्त परक्या गावी गेलेल्या तरुणाला डोक्यावर छप्पर मिळवताना जात कशी आडवी येते, हे ती दाखवते. महानगरीय जाणिवेच्या सिद्धान्तातील अनामिकतेचे गृहीत आपल्याकडे किती ठिसूळ आहे, हे या एका कथेवरून कळावे. येथे अनोळखी माणसाला प्रथम त्याचे आडनाव विचारले जाते.

यातून निष्पन्न होते ते असे की वेगळेपण हे स्वतःसिद्ध मूल्य नव्हे. मुंबईचे मुंबईपण तिच्या सोसण्यात, तिच्या भांडणात आणि तिने पाळलेल्या विटाळातही होते. वारशाच्या भाषेला हे पेलत नाही, कारण वारसा म्हणून फक्त मिरवण्याजोगे तेवढेच मांडता येते. साहित्याला ते पेलते. म्हणून शहराचे वेगळेपण समजून घेण्यासाठी वारशाच्या यादीपेक्षा साहित्य हे अधिक विश्वसनीय साधन आहे. मात्र समीक्षेने ते साधन बोथट करता कामा नये.

६

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर एक जग विरत गेले. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या विरण्याचे नाटक आहे. त्याचा सारा अवकाश गिरणगावातील चाळीच्या खोलीचा आहे. एका मुलाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटच्या नादात आहे, तिसरा टोळीच्या वाटेला लागला आहे. ज्या खोलीत पूर्वी वेळ भोंग्याने मोजली जाई, त्या खोलीत आता वेळेचे काय करावे हे कोणालाच कळत नाही. नाटकातील संवादांना जो कर्कशपणा आहे तो या रिकाम्या वेळेतून येतो. समीक्षा याला 'मूल्यऱ्हास' म्हणून मोकळी होते. माणसाच्या हातातून विशिष्ट शहरातील विशिष्ट काम गेले की त्याची बोली कशी बदलते, नात्यांतील अधिकार कसे फिरतात, हे त्या शब्दाने कळत नाही. पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या पुढच्या कथासंग्रहाच्या शीर्षकात ग्रीक पक्ष्याबरोबर त्या गिरणीचे नावही ऐकू येते. ते ऐकू येणे वाचकाच्या शहराशी असलेल्या परिचयावर अवलंबून आहे आणि हा परिचय घडवणे हे अध्यापनाचे काम आहे.

गिरणगाव संपले म्हणजे मुंबईपण संपले, असा याचा अर्थ नव्हे. सास्किया सासेन यांनी १९९१ साली न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो यांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की जागतिक अर्थव्यवहाराचे नियंत्रण करणाऱ्या शहरांना उच्चपदस्थांबरोबरच अल्प वेतनावर राबणाऱ्यांचीही गरज असते. मुंबईत आज हे राबणे करणारा माणूस कोणत्या गावाहून येतो, कोठे पाठ टेकतो, कोणत्या मिश्र भाषेत बोलतो, हे पाहू गेल्यास वेगळेपणाची नवी घडण दिसू शकेल. ती मराठीत कितपत येते आहे, हा आजच्या मराठी लेखकापुढचा प्रश्न आहे. आणि आली तर आपण ती ओळखू काय, हा समीक्षकापुढचा.

शेवटी एका ठिकाणाचा उल्लेख करतो. फोर्टमधील काळा घोडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकातून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवण्यात आला. तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ साली त्या परिसरात स्वाराविना एक नवा घोडा उभारण्यात आला. मधली बावन्न वर्षे तेथे घोडा नव्हता, तरी लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. ती जागा वास्तूने राखली नाही, शिल्पाने राखली नाही. जाणायेणाऱ्यांच्या तोंडातील एका शब्दाने राखली. अरुण कोलटकरांनी त्या बिनघोड्याच्या चौकावर इंग्रजीत कविता लिहिल्या आणि त्यांचा संग्रह २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यातील न्याहारीच्या वेळेची दीर्घ कविता जगभरच्या ठिकाणी त्या क्षणी लोक काय खात असतील याचा फेरफटका मारते आणि फूटपाथवर इडल्या घेऊन येणाऱ्या एका बाईपाशी येऊन थांबते. तिच्याभोवती जमणारे सारे त्या परिसरातील निराधार, हातावर पोट असलेले लोक आहेत. कविता इंग्रजीत आहे, तिच्यात सारे जग आहे आणि तरीही ती दुसऱ्या कोणत्याही चौकाची होऊ शकत नाही. या कवितेला 'महानगरीय जाणिवेची कविता' म्हणता येईल काय? म्हणता येईल, पण त्याने या कवितेविषयी काहीही सांगितल्यासारखे होणार नाही. इडली विकणारी ती बाई तेथे किती वाजता येते आणि तिच्याभोवती कोण कोण जमते, या तपशिलापासून वाचनास आरंभ केला, तर कदाचित सांगता येईल.